जुना मेमरी हाताळणारा सी कोड नव्या कंपाइलरवर आणताना: कास्ट लावण्याआधी थांबा

कालपर्यंत जी वॉर्निंग होती ती आज एरर झाली आणि बिल्ड अडलं. जीसीसी १४ किंवा त्यापुढचा कंपाइलर घेऊन जुना सी कोड बिल्ड करायला बसलेल्या बहुतेकांची सुरुवात इथूनच होते. अशा वेळी हाताशी असलेला उपाय म्हणजे एररच्या ओळीत एक कास्ट (टाइप जबरदस्तीने बदलणारी खूण) चिकटवणं. एरर जाते, बिल्ड पूर्ण होतं आणि पुढे कधीतरी, भलत्याच फाइलीत, प्रोग्रॅम कोसळतो. मेमरी हाताळणाऱ्या कोडमध्ये हे हमखास घडतं, कारण इथली प्रत्येक वॉर्निंग एखाद्या पत्त्याबद्दल काहीतरी सांगत असते आणि कास्टमुळे नेमकं तेच दडपलं जातं. म्हणून या लेखात मी एकाच गोष्टीचा आग्रह धरणार आहे: आधी घोषणा (डिक्लरेशन) आणि टाइप दुरुस्त करा, कास्टला हात अगदी शेवटी लावा.

फंक्शनं, हेडर आणि फ्लॅग यांची नावं खाली उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कोडमध्ये ती नेहमीच्या स्पेलिंगनेच टाकायची.

जुनं बिल्ड जपून ठेवा

पोर्टिंग सुरू करण्याआधी जुना कंपाइलर चालू स्थितीत हवा. जुनं मशीन असेल तर ते पुसू नका, नसेल तर त्या काळच्या सिस्टिमचा कंटेनर बनवा. जुन्या बायनरीला खऱ्या कामातल्या पाच-दहा इनपुट फाइली द्या आणि आउटपुट साठवा. पुढे प्रत्येक बदलानंतर कोड दोन्ही कंपाइलरांवर बिल्ड झाला पाहिजे आणि आउटपुट तेच आलं पाहिजे. काही बिघडलं तर दोष बदलाचा की कंपाइलरचा, हे पाच मिनिटांत कळतं. जुनं बिल्ड हाताशी नसेल तर त्याच प्रश्नात दोन-दोन दिवस जातात.

कमिट छोटे ठेवा आणि एका कमिटमध्ये एकाच प्रकारची दुरुस्ती करा. जुना कोड पाहिला की इंडेंटेशन सारखं करायचा मोह होतोच, पण ते काम वेगळ्या कमिटमध्ये. नाहीतर पुढे बग शोधताना हजार ओळींच्या फरकात खरी बदललेली ओळ सापडत नाही.

प्रोजेक्टला कॉन्फिगर स्क्रिप्ट असेल तर एक तपासणी विसरू नका. ही स्क्रिप्ट छोटे-छोटे चाचणी प्रोग्रॅम कंपाइल करून सिस्टिममध्ये काय आहे ते ठरवते. ते चाचणी प्रोग्रॅमही जुन्याच वळणाचे असतात: मेनला रिटर्न टाइप नाही, एक्झिट वापरलेलं पण हेडर घेतलेलं नाही. नवा कंपाइलर ते नाकारतो आणि स्क्रिप्ट समजते की हे फंक्शन सिस्टिममध्ये नाहीच. कुठेही एरर दिसत नाही. तुमचा कोड मात्र गुपचूप दहा वर्षांत कोणी न चालवलेल्या पर्यायी वाटेने जातो. दोन्ही कंपाइलरांवर तयार झालेली कॉन्फिग हेडरं शेजारी ठेवून ओळीने ताडून पाहा. जिथे जुन्यात व्याख्या आहे आणि नव्यात ती कॉमेंट झाली आहे, तिथे कॉन्फिगचा लॉग उघडा.

कोणत्या आवृत्तीत काय बदललं

घोषणा न करता फंक्शन वापरायची आणि टाइप न लिहिता इंट गृहीत धरायची सवलत सी भाषेच्या १९९९च्या प्रमाणातूनच (स्टँडर्डमधूनच) काढली गेली. कंपाइलरांनी ती पुढे जवळजवळ पंचवीस वर्षं वॉर्निंग देऊन चालवून घेतली. क्लँग या दुसऱ्या कंपाइलरने २०२३मध्ये १६व्या आवृत्तीत आणि जीसीसीने २०२४मध्ये १४व्या आवृत्तीत या गोष्टी सरळ एरर केल्या. इंट आणि पॉइंटर यांची कास्टशिवाय अदलाबदल आणि न जुळणारे पॉइंटर टाइप यांनाही जीसीसी १४ एररच देतो.

त्याआधीचे टप्पेही लक्षात असू द्या, कारण तुमचा कोड किती जुन्या कंपाइलरवरून उडी मारतो आहे त्यावर कामाचा पसारा ठरतो. २०१५च्या जीसीसी ५मध्ये डीफॉल्ट प्रमाण जीएनयू ८९वरून जीएनयू ११वर आलं आणि त्याबरोबर इनलाइन या शब्दाचा अर्थ बदलला. २०२०च्या जीसीसी १०पासून हेडरमध्ये एक्स्टर्नशिवाय लिहिलेला ग्लोबल व्हेरिएबल अनेक फाइलींत गेला की लिंकर ‘मल्टिपल डेफिनिशन’ म्हणून थांबतो. २०२२च्या जीसीसी १२पासून ऑप्टिमायझेशनच्या ओ-टू पातळीवरच लूप व्हेक्टराइझ होऊ लागले, म्हणजे एका सूचनेत अनेक घटक हाताळू लागले. २०२५च्या जीसीसी १५मध्ये डीफॉल्ट प्रमाण सी २३ झालं.

हे सगळे बदल एकदम अंगावर घेऊ नका. मेकफाइलमध्ये प्रमाण स्पष्ट लिहा. सुरुवातीला जीएनयू १७ बरं. त्यामुळे सी २३चे प्रश्न नंतरसाठी बाजूला राहतात. ऑप्टिमायझेशन ओ-झीरोवर ठेवा, डब्ल्यू-ऑल आणि डब्ल्यू-एक्स्ट्रा हे फ्लॅग लावा आणि मेकला ‘के’ पर्याय द्या, म्हणजे पहिल्या एररला न थांबता ते सगळ्या फाइली पाहून घेईल. पूर्ण लॉग फाइलीत साठवा. जीसीसी प्रत्येक तक्रारीच्या शेवटी चौकोनी कंसात तिच्या फ्लॅगचं नाव देतो. त्या नावावर सॉर्ट करून मोजणी केली की चित्र स्पष्ट होतं. अमुक एक प्रकार चारशे वेळा आला असेल, तरी बहुधा त्याचं मूळ एखाद-दोन हेडरमध्येच असतं.

एफ-पर्मिसिव्ह हा फ्लॅग या एररना पुन्हा वॉर्निंग करतो. तो वापरायला हरकत नाही, पण फक्त आजची चाचणी अडू नये म्हणून. रिलीजच्या मेकफाइलमध्ये तो राहिला तर पोर्टिंग झालेलंच नाही असं मी धरतो.

घोषणा नसलेली फंक्शनं

मोजणीत आकड्याने पहिला येणारा प्रकार बहुतेक वेळा हाच, आणि मेमरीच्या कोडमध्ये सगळ्यात घातकही हाच. माझ्याकडे आलेल्या एका प्रोग्रॅममध्ये मेमरी मागणाऱ्या मॅलॉकभोवती एक छोटं आवरण होतं, त्याला आपण ‘मेमगेट’ म्हणू. ते एका फाइलीत लिहिलेलं, कॅर पॉइंटर परत करणारं. बाकीच्या तीसएक फाइली ते वापरत होत्या, पण त्याची घोषणा एकाही हेडरमध्ये नव्हती. घोषणा नाही म्हणजे जुन्या नियमाने कंपाइलर समजणार की हे फंक्शन इंट परत करतं.

६४ बिटच्या लिनक्सवर पॉइंटर आठ बाइटांचा आणि इंट चार बाइटांचा. डीबगरमध्ये मेमगेटच्या आत थांबून पाहिलं तर पत्ता षोडशमान पद्धतीत बारा आकडी, ५५५५ने सुरू होणारा. फंक्शनमधून बाहेर येऊन कॉल करणाऱ्या ओळीवर पाहिलं तर तोच पत्ता आठ आकडी, सुरुवातीचे ५५५५ गायब. मोठा ब्लॉक मागितला की आणखी विचित्र प्रकार: खालच्या बत्तीस बिटांतला सर्वात वरचा बिट १ असल्यामुळे पुढे चिन्ह पसरलं आणि पत्त्याची सुरुवात आठ एफने झाली. त्या पत्त्यावर लिहायला गेलं की क्रॅश.

मग जुन्या मशीनवर हाच कोड ६४ बिटमध्ये इतकी वर्षं चालला कसा? जुनी बायनरी ठरलेल्या, खालच्या पत्त्यावर लोड होत असे आणि हीप (मॅलॉक जिथून मेमरी देतो तो भाग) तिच्या लगेच पाठोपाठ. त्यामुळे हीपचे पत्ते बत्तीस बिटांत मावत होते आणि वरचा भाग कापला गेला तरी कापलेले आकडे शून्यच होते. आता बहुतेक लिनक्स वितरणं पीआयई पद्धतीची (कुठल्याही पत्त्यावर लोड होऊ शकणारी) बायनरी बनवतात आणि तिच्यात हीप खूप वरच्या पत्त्यावर असतं. शिवाय जीलिबसीचा (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीचा) मॅलॉक सुरुवातीला १२८ केबीच्या वरची मागणी एम-मॅपने वेगळ्याच, वरच्या भागातून भागवतो. म्हणजे जुन्या बायनरीतही कोणी मोठी फाइल उघडली असती तर ती कोसळलीच असती. तशी फाइल कोणी उघडली नाही, एवढंच.

मॅलॉकच्या बाबतीत १४च्या आधीचा जीसीसी थोडं सांभाळून घेत असे. हेडर घेतलं नसलं तरी मॅलॉकचा टाइप त्याला आतूनच ठाऊक असल्याने तो वॉर्निंग देऊन खरा टाइप वापरत असे. म्हणून ‘आम्ही कधीच हेडर घेतलं नाही आणि काही झालं नाही’ असं सांगणारे लोक खोटं बोलत नसतात. तुमच्या स्वतःच्या आवरणांना मात्र हे संरक्षण कधीच नव्हतं.

दुरुस्ती अशी. आवरणांसाठी एक हेडर तयार करा आणि त्यात पूर्ण प्रोटोटाइप लिहा: व्हॉइड पॉइंटर परत करणारं, साइझ-टी घेणारं. हे हेडर वापरणाऱ्या फाइलींत घ्याच, पण जिथे फंक्शनची व्याख्या आहे त्या फाइलीतही घ्या. व्याख्या आणि घोषणा यांत फरक पडला तर तो कंपाइलरला फक्त तिथेच दिसतो. मग कॉल करणाऱ्या ओळींतले सगळे कास्ट काढा. सी भाषेत व्हॉइड पॉइंटर कुठल्याही डेटा पॉइंटरमध्ये कास्टशिवाय जातो. उलट कास्ट तसाच राहिला आणि घोषणा कधी हरवली, तर जुन्या कंपाइलरवर किंवा एफ-पर्मिसिव्ह लावलेला असताना ‘वेगळ्या आकाराच्या इंटिजरपासून पॉइंटर’ अशी नुसती वॉर्निंग येते आणि शेकडो ओळींच्या लॉगमध्ये वाहून जाते. शेवटी मिसिंग-प्रोटोटाइप्स ही वॉर्निंग कायमची चालू ठेवा. जी फंक्शनं एकाच फाइलीत वापरली जातात ती स्टॅटिक करा, त्यांची वॉर्निंग आपोआप जाते.

स्वतः लिहिलेल्या जुन्या घोषणा आणि रिकामे कंस

१९८९च्या आधीच्या वळणाच्या कोडमध्ये फाइलीच्या वरच मॅलॉकची घोषणा सापडते: एक्स्टर्न, कॅर पॉइंटर परत करणारं, रिकामे कंस. या ओळी सरळ पुसा आणि एसटीडीलिब हेडर घ्या. त्याबरोबर मॅलॉक, ॲलॉक, मेमरी अशा नावांची जुनी हेडरंही काढा. मॅलॉक आणि रिॲलॉक एसटीडीलिबमध्ये मिळतात, मेमकॉपी आणि मेमसेट स्ट्रिंग हेडरमध्ये.

सी २३मध्ये रिकाम्या कंसांचा अर्थ ‘एकही आर्ग्युमेंट नाही’ असा झाला. पूर्वी त्याचा अर्थ ‘आर्ग्युमेंटं सांगितलेली नाहीत’ असा होता. याचा फटका सर्वात जास्त बसतो तो फंक्शन पॉइंटरांच्या टेबलाला. जुन्या ॲलोकेटरांत (मेमरी वाटणाऱ्या कोडमध्ये) एक स्ट्रक्चर असतं, त्यात मेमरी देणं, परत घेणं आणि वाढवणं यासाठी तीन पॉइंटर, तिन्हींचे कंस रिकामे. जीसीसी १५वर हे कॉल ‘आर्ग्युमेंटं जास्त झाली’ म्हणून अडतात. तिथे पूर्ण प्रोटोटाइप लिहा.

ते लिहिल्यावर बहुधा पुढची एरर येईल: टेबलात भरलेलं एखादं फंक्शन कॅर पॉइंटर घेतं आणि टेबलाला व्हॉइड पॉइंटर घेणारं हवं आहे. इथे फंक्शन पॉइंटर कास्ट करू नका. वेगळ्या टाइपच्या पॉइंटरमधून फंक्शन बोलावणं हे प्रमाणाने अनडिफाइन्ड वर्तन आहे, म्हणजे काय होईल याची हमी नाही. त्या फंक्शनचाच पॅरामीटर बदला, किंवा ते तुमच्या हातात नसेल तर दोन ओळींचं आवरण लिहून ते टेबलात भरा.

बूल हा सी २३मध्ये कीवर्ड आहे, ट्रू आणि फॉल्सही. जुन्या हेडरमधली ‘टाइपडेफ इंट बूल’ काढून एसटीडीबूल हेडर घेतलं की काम होतं. फक्त बूल असलेलं एखादं स्ट्रक्चर जसंच्या तसं फाइलीत लिहिलं जात असेल तर थांबा. इंट चार बाइटांचा होता, बूल सर्वसाधारणपणे एक बाइटाचा आहे, आणि जुन्या डेटा फाइली त्या स्ट्रक्चरमध्ये वाचता येणार नाहीत. तिथे मेंबर इंटच राहू द्या.

पॉइंटर इंटमध्ये ठेवण्याची सवय

पत्ता चार किंवा आठच्या सीमेवर आणण्यासाठी जुना कोड पॉइंटर इंटमध्ये किंवा लाँगमध्ये घेतो, बेरीज करून मास्क लावतो आणि परत पॉइंटर बनवतो. इंट तर चालणारच नाही. लाँग ६४ बिटच्या लिनक्सवर आठ बाइटांचा असतो, पण ६४ बिटच्या विंडोजवर चारच बाइटांचा. दोन्हीकडे चालणारा टाइप यूइंटपीटीआर-टी हा आहे, एसटीडीइंट हेडरमधला. आकारांसाठी साइझ-टी वापरा आणि दोन पॉइंटरांच्या वजाबाकीसाठी पीटीआरडिफ-टी.

मास्क लिहिताना एक बारीक खाच आहे. ‘तीनचं उलट’ हे साध्या इंटमध्ये लिहिलं तर ते ऋण असतं आणि ६४ बिटांत जाताना वरचे बिट १नेच भरले जातात, म्हणजे मास्क बरोबर येतो. पण कोणीतरी नीटनेटकेपणाने तीनला अनसाइन्डचा यू जोडलेला असेल तर वरचे बत्तीस बिट शून्य होतात आणि पत्त्याचा वरचा अर्धा भाग पुसला जातो. वॉर्निंग येईलच असं नाही. कोडमध्ये ‘उलट’चं चिन्ह शोधा आणि सापडलेली प्रत्येक ओळ हाताने तपासा.

सोळा बिटच्या डॉस कंपाइलरवरचा कोड असेल तर फार आणि ह्यूज हे शब्द काढा आणि फारमॅलॉकच्या जागी मॅलॉक, फारफ्रीच्या जागी फ्री लिहा. सेगमेंट आणि ऑफसेट वेगळे करणारे मॅक्रो आता निरर्थक आहेत. तिथे अनसाइन्ड इंट ६५५३५नंतर शून्यावर येतो यावर काही गोल बफर अवलंबून असतात. त्यांचे इंडेक्स यूइंट-१६-टी करावे लागतात.

कॅर पॉइंटरचा पॉइंटर

जीसीसी १४च्या इन्कम्पॅटिबल-पॉइंटर-टाइप्स या एररमध्ये एक नमुना वारंवार येतो. ‘ग्रो’ नावाचं फंक्शन आहे. ते कॅर पॉइंटरचा पत्ता आणि नवा आकार घेतं, आत रिॲलॉक करतं आणि नवा पत्ता त्याच जागी लिहून ठेवतं. कॉल करणाऱ्याकडे रेकॉर्ड स्ट्रक्चरचा पॉइंटर आहे, आणि तो त्याचा पत्ता देतो. टाइप जुळत नाहीत म्हणून एरर. इथे कास्ट लावला की एरर पूर्ण जाते, वॉर्निंगही उरत नाही, आणि खरा बग नेमका इथेच जन्माला येतो.

प्रमाण सांगतं की एका टाइपच्या व्हेरिएबलला न जुळणाऱ्या टाइपमधून हात लावायचा नाही. ग्रो त्या जागेवर कॅर पॉइंटर म्हणून लिहितो, कॉल करणारा तीच जागा रेकॉर्ड पॉइंटर म्हणून वाचतो. ओ-टू पातळीवर कंपाइलर हा नियम पाळला आहे असं धरतो. ग्रो वेगळ्या फाइलीत असेपर्यंत काही होत नाही, कारण आत काय चाललंय ते कंपाइलरला दिसत नाही. तो इनलाइन झाला किंवा एलटीओ (लिंक करतानाचं ऑप्टिमायझेशन) चालू केलं, की कंपाइलर म्हणू शकतो: कॅर पॉइंटरमध्ये लिहिलं म्हणून माझा रेकॉर्ड पॉइंटर बदलायचं कारण नाही. मग तो रजिस्टरमधला जुना पत्ताच वापरतो, म्हणजे रिॲलॉकने केव्हाच सोडून दिलेला ब्लॉक. कॅरच्या जागी व्हॉइड लिहिलं तरी प्रमाणाच्या नजरेत चूक तीच राहते.

दुरुस्ती सोपी आहे, फक्त कॉलच्या सगळ्या जागा बदलाव्या लागतात. रिॲलॉकसारखंच ग्रोने व्हॉइड पॉइंटर घ्यावा आणि नवा पॉइंटर परत करावा. कॉल करणारा तो स्वतःच्या टाइपच्या व्हेरिएबलमध्ये ठेवेल. पॉइंटर मोकळा करून नल करणारी ‘सेफ-फ्री’ फंक्शनंही याच साच्यातली असतात. त्यांचा मॅक्रो केला तर टाइपचा प्रश्नच येत नाही.

फ्लोटचे बिट इंट पॉइंटरमधून वाचणं, किंवा कॅर बफरमध्ये आलेला संदेश थेट स्ट्रक्चर पॉइंटरने वाचणं, हेही याच जातीचं. तिथे योग्य टाइपचा लोकल व्हेरिएबल घेऊन मेमकॉपी करा. चार-आठ बाइटांची मेमकॉपी कंपाइलर एका सूचनेत बदलतो, त्यामुळे वेगाची भीती बाळगू नका.

फ्री, रिॲलॉक, मेमकॉपी

लिंक्ड लिस्ट मोकळी करताना नोड फ्री करून मग त्याच नोडमधून पुढचा पत्ता वाचणारा लूप अजूनही सापडतो. एके काळी ते चालत असे. सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये फ्री केलेला ब्लॉक पुढच्या मॅलॉकपर्यंत रिॲलॉकला देण्याची मुभाच दिलेली होती. आजचा जीलिबसी फ्री होताच ब्लॉकच्या सुरुवातीच्या बाइटांत स्वतःची नोंद लिहितो, आणि पुढच्या नोडचा पॉइंटर बहुधा स्ट्रक्चरच्या सुरुवातीलाच असतो. पुढचा पत्ता आधी काढून ठेवा, मग फ्री करा. जीसीसी १२पासूनची यूज-आफ्टर-फ्री ही वॉर्निंग अशा काही जागा दाखवते, सगळ्या नाही.

रिॲलॉकचा परिणाम त्याच पॉइंटरमध्ये घेतला आणि मेमरी मिळाली नाही, तर जुना ब्लॉक हातचा जातो. वेगळ्या व्हेरिएबलमध्ये घ्या. ब्लॉकच्या मधल्या जागी रोखलेले इतर पॉइंटर रिॲलॉकनंतर बाद होतात. म्हणून रिॲलॉकआधी त्यांचं सुरुवातीपासूनचं अंतर काढून ठेवा आणि नंतर नव्या पत्त्यात मिळवा. शून्य आकाराचा रिॲलॉक सी २३मध्ये अनडिफाइन्ड आहे. जीलिबसी तिथे ब्लॉक मोकळा करून नल देतो, जुना कोड ते अपयश समजून पुन्हा फ्री करतो. शून्याचा रस्ता वेगळा काढून तिथे स्पष्ट फ्री लिहा.

बीकॉपी काढताना मेमकॉपी लिहू नका, मेममूव्ह लिहा. बीकॉपी एकमेकांवर आलेले भाग सांभाळते, मेमकॉपी सांभाळत नाही. आणि आर्ग्युमेंटांचा क्रमही उलटा आहे: बीकॉपीत आधी स्रोत, मेममूव्हमध्ये आधी गंतव्य. एकाच बफरमध्ये डेटा मागे-पुढे सरकवणाऱ्या प्रत्येक मेमकॉपीचीही मेममूव्ह करा. पूर्वीच्या लायब्ररीत बाइट पुढून मागे कॉपी व्हायचे म्हणून काही जागा योगायोगाने बरोबर चालत होत्या.

सीफ्रीची जागा फ्री घेते, जीलिबसीच्या २.२६ आवृत्तीपासून नवे प्रोग्रॅम सीफ्रीशी लिंक होत नाहीत. मॅलॉक हूक वापरणारा डीबग कोड २.३४पासून चालत नाही. तो पूर्ण काढा, सॅनिटायझर (प्रोग्रॅम चालताना मेमरीच्या चुका पकडणारं कंपाइलरचं साधन) ते काम जास्त चांगलं करतो.

स्ट्रक्चरच्या शेवटी एका घटकाचा ॲरे ठेवून जास्त मेमरी मागण्याची युक्ती असेल तर सी ९९च्या पद्धतीने कंस रिकामे ठेवा. मात्र मॅलॉकचं गणितही त्याच कमिटमध्ये बदला. जुन्या हिशोबात ‘साइझऑफ अधिक एन उणे एक’ असतं, कारण एक घटक साइझऑफमध्ये धरलेला होता. आता तो नाही. ‘उणे एक’ तसंच राहिलं तर शेवटचा घटक ब्लॉकच्या बाहेर लिहिला जाऊ शकतो.

स्वतःचा ॲलोकेटर असेल तर

मेमरीचा मोठा पूल (एकदम घेतलेला साठा) घेऊन त्यातून तुकडे देणारा ॲलोकेटर जुन्या प्रोग्रॅममध्ये हमखास असतो आणि तो बहुधा चारच्या पटीत तुकडे देतो. एक्स८६वर चुकीच्या सीमेवरचं वाचन थोडं हळू होतं, कोसळत नाही, असा आपला जुना अनुभव. तो आता पुरत नाही. डबलच्या ॲरेवरचा लूप व्हेक्टराइझ करताना कंपाइलर डबलचा पत्ता आठने भागला जातो हे गृहीत धरतो. काही वेळा तो सुरुवातीचा एखादा घटक वेगळा हाताळून सोळाच्या सीमेवर येतो आणि पुढे त्या सीमेचीच अट असलेल्या सूचना वापरतो. पत्ता फक्त चारने भागला जाणारा असेल तर सोळाची सीमा कधीच गाठली जात नाही आणि प्रोग्रॅम सेगमेंटेशन फॉल्टने पडतो. पूर्वी हे जीसीसीमध्ये ओ-थ्रीला व्हायचं, आता ओ-टूलाही होऊ शकतं.

तुकडे मॅक्स-अलाइन-टीच्या अलाइनमेंटवर (त्या टाइपला लागणाऱ्या पत्त्याच्या सीमेवर) द्या. ६४ बिटच्या एक्स८६ लिनक्सवर ती १६ आहे. त्या टाइपचा साइझऑफ घेऊ नका, अलाइनऑफ घ्या, दोन्ही आकडे वेगळे असतात. प्रत्येक तुकड्याआधी तुमची आठ बाइटांची नोंद असेल तर ती सोळा बाइटांची करा, नाहीतर नोंद नीट सीमेवर आणि वापरणाऱ्याचा पत्ता आठने सरकलेला. पूल स्टॅटिक कॅर ॲरे असेल तर त्यालाही अलाइनॲज लावा.

सॅनिटायझर

बिल्ड एररशिवाय झालं की ओ-वन आणि डीबग माहितीसह ॲड्रेस आणि अनडिफाइन्ड असे दोन्ही सॅनिटायझर एकत्र लावा आणि सुरुवातीला साठवलेल्या इनपुट फाइली चालवा. वेग साधारण निम्म्यावर येतो, ते सोसा. पहिल्या रिपोर्टपासून सुरुवात करा. तो नेमकी ओळ दाखवतो, शिवाय ब्लॉक कुठे घेतला आणि कुठे सोडला हेही सांगतो. अलाइनमेंटच्या चुका अनडिफाइन्ड सॅनिटायझर पकडतो.

पण एक अडचण आहे. ॲड्रेस सॅनिटायझरला तुमचा पूल हा एकच मोठा ब्लॉक दिसतो. आतला एक तुकडा दुसऱ्यावर लिहून गेला तरी तो गप्प राहतो. मी प्रत्येक पोर्टिंगमध्ये एक मॅक्रो ठेवतो. तो चालू असला की पूलचं ‘द्या’ फंक्शन सरळ मॅलॉक करतं आणि ‘घ्या’ सरळ फ्री. सॅनिटायझरचं बिल्ड नेहमी हा मॅक्रो चालू करूनच. पूल एकदम रिकामा करायची पद्धत असेल तर या बिल्डपुरती दिलेल्या ब्लॉकांची यादी ठेवावी लागते, पण तेवढे कष्ट घ्याच. वर्षानुवर्षं लपलेले बग पहिल्या तासात बाहेर येतात.

ओ-टूवर जाताना

आता ऑप्टिमायझेशन वाढवा, पण सुरुवातीला एफ-नो-स्ट्रिक्ट-अलियासिंग आणि एफ-रॅप-व्ही हे दोन फ्लॅग लावून. पहिल्या फ्लॅगमुळे न जुळणाऱ्या टाइपचा वर सांगितलेला नियम कंपाइलर गृहीत धरत नाही, दुसरा फ्लॅग साइन्ड ओव्हरफ्लो गुंडाळून देतो. ‘लांबीत शंभर मिळवून ती आधीपेक्षा कमी झाली का’ अशी तपासणी साइन्ड इंटवर असेल तर या फ्लॅगशिवाय कंपाइलर ती अख्खी उडवू शकतो. असे आकार साइझ-टीमध्ये आणा आणि गुणाकाराच्या आधी मर्यादा तपासा, किंवा कॅलॉक वापरा, तो गुणाकार स्वतः तपासतो.

फ्री करण्याआधी पासवर्डचा बफर मेमसेटने पुसणाऱ्या ओळीही शोधा. त्या बफरचं पुढे वाचन नाही म्हणून कंपाइलर मेमसेट काढून टाकू शकतो आणि पासवर्ड मेमरीत तसाच राहतो. सी २३मध्ये यासाठी मेमसेट-एक्स्प्लिसिट आहे, जीलिबसीत २.२५पासून एक्स्प्लिसिट-बीझीरो मिळतं.

आउटपुट जुन्या बायनरीशी जुळलं की दोन्ही फ्लॅग एकेक करून काढून पाहा. रॅप-व्ही बहुतेक वेळा काढता येतो. अलियासिंगचा फ्लॅग काढण्याची मात्र घाई करू नका. कॅर बफरवर स्ट्रक्चर पॉइंटर रोखणाऱ्या शेकडो जागा कोडमध्ये असतील आणि त्या सगळ्या तपासायला वेळ नसेल, तर तो मेकफाइलमध्ये कायम राहू द्या आणि शेजारी कारण लिहून ठेवा. लिनक्स कर्नलही हाच फ्लॅग लावून बिल्ड होतो. शेवटी मेकफाइलमधलं जीएनयू १७ बदलून जीएनयू २३ करा, रिकाम्या कंसांच्या उरलेल्या एरर मिटवा आणि सॅनिटायझरचं बिल्ड पुन्हा एकदा सगळ्या इनपुट फाइलींवर चालवा.